डिस्क अजून कोण घेतं? आम्ही घेतो ना भाऊ

वर एकानं विचारलं आहे की सगळं मोबाईलवर मिळत असताना सिनेमाच्या डिस्क कशाला जमवायच्या. त्यानं दारव्ह्याकडच्या आमच्या गावात एक आठवडा राहून पाहावं. रेंज छतावर मिळते, सिनेमा छतावर पाहायचा काय?

माझ्याकडच्या बहुतेक व्हीसीडी आठवडी बाजारातल्या. एका व्हीसीडीत फार तर ८० मिनिटं मावतात, म्हणून एका सिनेमाच्या दोन-तीन तबकड्या आणि ऐन मारामारीत उठून तबकडी बदलायची. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आजच्या मोठ्या टीव्हीवर पार फिसकटतं. डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, ते चालून जातं. तबकडी अडकत असेल तर मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. आणि उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत ठेवू नका. माझ्या चार वाकल्या.

परवा सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) पुन्हा पाहिला. शेतकरी नवरा जिवाचं काही बरंवाईट करील म्हणून बायको त्याच्यावर सतत डोळा ठेवते, पोरालाही मागं लावते. सिनेमात हसू येतं, आणि येतं म्हणूनच अंगावर येतं. आई कापूस वेचून आली होती, दारातच उभी राहून पाहत होती. मधेच म्हणाली, “बंद कर बाप्पा, ज्वारी निसायची आहे.” पण ती हलली नाही.

याची चांगली, स्वच्छ प्रत कोणाकडं असेल तर सांगा. माझी दुसऱ्या अर्ध्यात अडकते.