मदत हवी आहे: एचआयव्हीच्या गोळ्या चालू असताना नसांसाठी कार्बामॅझेपिन घेतली तर चालते का?

नमस्कार मंडळी, मोठ्या बहिणीसाठी विचारायलोय. आम्ही परभणी जिल्ह्यातले. ताई २००८ पासून सरकारी एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) गोळ्या खाते, सुरुवातीची काही वर्षं स्टॅव्हुडीनवाली होती, आता रोजची एकच, डोल्युटेग्राविरवाली. व्हायरल लोडच्या (रक्तात व्हायरस किती ते) रिपोर्टवर काही सापडत नाही, तिकडून सगळं चांगलंय. पण तळपायाची आग आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरूण पायाला लागलेलं सोसत नाही आणि दिवसा उलटंच, कापूस वेचताना चप्पल पायातून निसटून मागं राहते तरी तिला पत्ता नसतो. परवा तुरीचं धसकट तळव्यात घुसलेलं, संध्याकाळी पाय धुताना रक्त दिसलं तेव्हा कळलं.

तालुक्याच्या डॉक्टरनं कार्बामॅझेपिन लिहून दिली. ताईनं त्यांना एचआयव्हीचं सांगितलेलं नाही, तिथं बाकड्यावर निम्मं गाव बसलेलं असतं आणि पोरीची सोयरीक जमवायची चाललीय, तिला कोणत्या तोंडानं रागावू? गोळ्या आणल्यात पण अजून चालू केल्या नाहीत. हे दुखणं एचआयव्हीमुळं का जुन्या गोळ्यांमुळं? मागच्या वर्षी टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड पण दिली होती. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा, रात्र रात्र बसून असते हो ती.

प्रतिसाद:
दादा, कार्बामॅझेपिन चालू करू नका. त्या गोळीनं लिव्हर डोल्युटेग्राविर भराभर संपवतं, रक्तातलं प्रमाण पडतं आणि एवढ्या वर्षांचा दाबलेला व्हायरस परत डोकं वर काढू शकतो. ती द्यायचीच तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावी लागते. नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन या गोळ्यांचा असा त्रास नाही, फक्त क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून डोस ठरतो.

कारण म्हणाल तर दोन्ही असू शकतं. एचआयव्ही स्वतः नसा खराब करतो, आणि स्टॅव्हुडीननं झालेलं नुकसान गोळी बंद करूनही बऱ्याच जणांचं पूर्ण भरून येत नाही. आयसोनियाझिडनं बी६ व्हिटॅमिन कमी पडतं, म्हणून सोबत बी६ देतात, ते मिळालं होतं का विचारा. पण मेडिकलवरून मनानं बी६ च्या जास्त पॉवरच्या गोळ्या आणू नका, जास्त झालं तर त्यानंही नसा जातात. शुगर, बी१२, थायरॉईड तपासा. अंगावर बधिर चट्टा आहे का तेही बघा, कुष्ठरोगानंही असं होतं आणि तो औषधानं बरा होतो. शुगर निघालीच तर मेटफॉर्मिन एआरटीच्या डॉक्टरला विचारूनच, डोल्युटेग्राविरसोबत दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत.

तालुक्याला सांगायचं नसेल तर नका सांगू, एआरटी सेंटरच्या डॉक्टरला पाय दाखवा, ते मेडिकल कॉलेजला चिठ्ठी देतात. तिथं सगळं मोकळं सांगा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं पेशंटची माहिती अशी बाहेर फोडता येत नाही. काही अडलं तर एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला, १०९७ वर फोन लावा, फुकट आहे.

आणि त्या जखमेचं आधी बघा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का? गरम पाण्याचा शेक बिलकुल देऊ नका, भाजलेलं तिला कळणार नाही. शेतात बंद बूट, घालायच्या आधी आत हात फिरवून बघायचा. रिपोर्ट आले की इथंच टाका.