चर्चा: आधी कॉलेजचा इंटरफेरोमीटर, मग औंढ्याचा

रामबागकर:
हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र, होणार. एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले. आपलं कॅट, म्हणजे इथलं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, त्यात भागीदार, म्हणून इंदुरात सगळ्यांना कौतुक. मला मात्र राग येतो.

मी तीस वर्षं बीएस्सीला फिजिक्स शिकवलं. लायगो म्हणजे मुळात मायकेल्सनचाच इंटरफेरोमीटर. लेसरचा झोत दुभंगायचा, काटकोनातल्या दोन भुजांत धाडायचा, परत आणून एकमेकांवर पाडायचा. तिथे भुजा 4 किलोमीटरच्या, आमच्या कॉलेजातला टेबलावर मावणारा. त्याचा मायक्रोमीटर स्क्रू जाम, आरशावर बुरशी. दुरुस्तीचा अर्ज मी चार वेळा दिला. मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची. जिनं फ्रिंज, म्हणजे प्रकाशाची उजळ-काळी पट्टी, सरकताना कधी पाहिलीच नाही, ती मुलगी औंढ्याला जाऊन काय करणार? आधी प्रयोगशाळा नीट करा.

कॅटरोडवाला:
ताई, राग खरा आहे, पण पैसा आभाळात जात नाही. जिनिव्हाच्या एलएचसीसाठी, म्हणजे कण आदळवणाऱ्या महायंत्रासाठी, कॅटनं चुंबकं पेलणारे जॅक डिझाइन केले, सुमारे 7000. पंधरा मीटर लांब, तीस टनांहून जड चुंबक तीन जॅकवर बसतं आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत सरकवता येतं. त्यातले काही इथे इंदुरात बनले. अशा कामात हात बसलेला कारागीर पुढे कुठेही उपाशी राहत नाही. चोइथराम मंडीजवळ इलेक्ट्रॉनच्या झोतानं ऑपरेशनचं सामान निर्जंतुक होतं, तेही कॅटचंच. मोठं यंत्र झालं की हाताखालचं शंभर प्रकारचं काम गावात शिकलं जातं.

एमएस्सी_भंवरकुआं:
मॅडम, औंढ्याची गरज विज्ञानालाच आहे. 14 सप्टेंबर 2015 ला पहिली गुरुत्वीय लहर सापडली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींत गेलं. पण तेव्हा चालू यंत्रं दोनच, दोन्ही अमेरिकेत. कुठून आली ते सांगताना सुमारे 600 चौरस अंश आभाळ उरलं, म्हणजे पौर्णिमेचे तीनेक हजार चंद्र. 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांच्या) टकरीची लहर आली. युरोपातलं तसंच यंत्र व्हर्गोही सुरू होतं, तेव्हा पट्टा 28 चौरस अंशांवर आला. म्हणून दुर्बिणींना काही तासांत ती टक्कर झालेली आकाशगंगा सापडली आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं बनतात, याचा पुरावा मिळाला. यंत्रं एकमेकांपासून जितकी लांब तितकी दिशा पक्की. ती जागा आपल्याकडे आहे.

लोकमान्यनगर_आजोबा:
मी रामबागकरांच्या बाजूचा. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016 ची, पैसे मंजूर व्हायला 2023 उजाडलं. सात वर्षं! तेवढ्यात एमएस्सीला असलेली पोरं पीएचडी होऊन बाहेरदेशी गेली. माणसं थांबत नाहीत हो.

रामबागकर:
600 आणि 28 हे आकडे पाहून मी गप्प झाले, हे कबूल. औंढ्याचं यंत्र नको, असं आता म्हणणार नाही. पण 1970 साली आपले भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरांनी धक्का बसलेलं कृष्णविवर कसं घुमून शांत होतं ते गणितानं दाखवलं, ते अमेरिकेत बसून. पुढचा मुलगा इथेच तयार व्हावा असं वाटत असेल, तर 2600 कोटींसोबत कॉलेजांचाही हिस्सा ठरवून द्या. एका लेसरला, दोन आरशांना किती लागतं? कारागिरांचं म्हणाल भाऊ, तर कारागीरही आधी कुठेतरी शाळेतच स्क्रू फिरवतो.

एमएस्सी_भंवरकुआं:
हिस्सा असावाच. पण त्यासाठी औंढं अडवू नका. दोन्ही मागू या.

कॅटरोडवाला:
ताई, तो इंटरफेरोमीटर अजून कपाटात आहे का? जाम स्क्रू माझं रोजचं काम. कॉलेजनं परवानगी दिली तर शनिवारी येतो.

रामबागकर:
आहे, तळाच्या खणात. परवानगीचं मी बघते. फक्त आरशाला फडकं लावू नका. थर काचेच्या पुढच्या बाजूला आहे, पुसला की निघून येतो.