कार्ब्युरेटरच्या इंजिनात टर्बोने हवा भरली तर पेट्रोल उलटे का जात नाही?

पद्मिनी_१०८९:
नमस्कार. आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिचा कार्ब्युरेटर मी स्वतः उघडून साफ करतो. त्यामुळे व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल वर खेचले जाते, एवढे मला नीट कळते. टर्बो किंवा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारी यंत्रे; टर्बो धुराच्या झोतावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनाच्याच ताकदीवर) लावल्यावर मात्र हवा ओढली जात नाही, ती ढकलली जाते. मग गळ्यातला दाब बाहेरच्या दाबापेक्षा जास्त असताना पेट्रोल उलटे फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, का जात नाही? इंजेक्शन येण्याआधीही टर्बोच्या गाड्या रस्त्यावर धावत होत्या, म्हणजे यावर काही उपाय नक्कीच होता. मला गाडीत बदल करायचा नाही, केवळ तत्त्व समजून घ्यायचे आहे.

व्हेंचुरी:
आपली शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. एक उपाय असा की कार्ब्युरेटर कॉम्प्रेसरच्या, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जरच्या हवा दाबणाऱ्या भागाच्या, आधी बसवायचा. मग तो नेहमीप्रमाणे बाहेरची हवा ओढतो आणि पुढे हवा व पेट्रोल यांचे तयार मिश्रण कॉम्प्रेसरमध्ये दाबले जाते. १९२९ च्या सुमारास बेंटलीच्या साडेचार लिटर इंजिनापुढे जो सुपरचार्जर लावला गेला, त्यावर दोन एसयू कार्ब्युरेटर याच रीतीने बसवलेले होते. त्याच काळातल्या मर्सिडीझमध्ये उलट व्यवस्था होती: पॅडल तळाशी दाबले की कॉम्प्रेसर इंजिनाला जोडला जाई आणि दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून जाई. १९३० च्या फ्रान्समधल्या ल माँ मोटार शर्यतीत या दोन्ही पद्धती एकाच रस्त्यावर समोरासमोर आल्या. दोन्ही गाड्या मध्येच बंद पडल्या आणि शर्यत सुपरचार्जर नसलेल्या बेंटलीने जिंकली, पण पुढे दोन्ही पद्धती टिकल्या.

घाटमाथा:
आपला मूळ प्रश्न या दुसऱ्या पद्धतीबद्दल आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. कार्ब्युरेटरला बाहेरचा दाब किती आहे याच्याशी काहीच देणेघेणे नसते. फ्लोट चेंबरमधला दाब आणि गळ्यातला दाब यांतला फरक एवढेच त्याला कळते. फ्लोट चेंबरचे श्वासछिद्र बाहेर उघडे ठेवले, तर आपण म्हणता तसेच घडेल आणि पेट्रोल उलटे फिरेल. पण तेच छिद्र टर्बोकडून येणाऱ्या नळीला जोडले, किंवा संपूर्ण कार्ब्युरेटर एका बंद पेटीत ठेवून त्या पेटीतच हवा भरली, तर चेंबरमध्येही तेवढाच दाब चढतो आणि गळ्यातला दाब पूर्वीसारखाच त्याहून थोडा कमी राहतो. १९८० च्या लोटस एस्प्री टर्बोमधले दोन डेलऑर्टो कार्ब्युरेटर आणि १९८५ च्या रेनो ५ जीटी टर्बोमधला सोलेक्स याच तत्त्वावर चालत.

त्यानंतर अडतो तो पंप. साधा यांत्रिक पंप पेट्रोलला साधारण ०.२ ते ०.३५ बार दाब देतो. चेंबरमध्ये अर्धा बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) असेल तर चेंबरच्या तोंडाची सुईझडप उघडूनही पेट्रोल आत शिरणार नाही, आणि नेमक्या पूर्ण भाराच्या वेळी चेंबर रिकामा होईल. म्हणून ताकदवान पंप आणि बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर लागतो, जो पेट्रोलचा दाब सतत बूस्टपेक्षा तेवढ्याच फरकाने वर ठेवतो. पोकळ पितळी फ्लोट दाबाने चेपतात, म्हणून भरीव फ्लोट घालावे लागतात. थ्रॉटलच्या (पॅडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) दांड्याच्या बुशमधून पेट्रोलमिश्रित हवा बाहेर फुसफुसू लागली तर गरम इंजिनाशेजारी आगीचा धोका उभा राहतो. हा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो.

एवढे करूनही मिश्रणाचे गणित आपोआप जुळत नाही. कार्ब्युरेटरची गाडी घेऊन महाबळेश्वरला चढले की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होते, कारण विरळ हवेत हवेचे वजन जितके घटते तितके पेट्रोल घटत नाही. बूस्टमध्ये याच्या नेमके उलट होते. हवेची घनता दीडपट झाली तर हवेचे वजन दीडपट होते, पण गळ्यातून येणारे पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.२२ पटच वाढते. वजनाने साडेबारा भाग हवेस एक भाग पेट्रोल असे ठरवलेले मिश्रण सव्वापंधरास एकवर जाते, तेही पूर्ण भारावर, जिथे लीन (पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणाने नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, होऊन पिस्टन वितळू शकतो. म्हणून बूस्ट आल्यावर उघडणारा जादा पेट्रोलचा मार्ग ठेवावाच लागतो.

पद्मिनी_१०८९:
घाटाच्या उदाहरणाने गाठ सुटली, मनापासून आभार. मग पहिली पद्धतच सोपी नाही का? तिथे कार्ब्युरेटर साध्या हवेतच असतो, म्हणजे हे वर्गमुळाचे प्रकरण उद्भवतच नाही.

व्हेंचुरी:
मिश्रणापुरते ते खरे आहे. केवळ वाढलेला प्रवाह पेलेल एवढा मोठा गळा हवा. अडचणी दुसरीकडे आहेत. तीस अंशांची हवा एकूण दीड बारपर्यंत (म्हणजे अर्धा बार बूस्ट) दाबली की साधारण टर्बोमध्ये ती पंच्याऐंशी ते नव्वद अंशांवर जाते. तिला इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरने) थंड करावे, तर मिश्रणातले पेट्रोल त्याच्या थंड नळ्यांत साचते, आणि बॅकफायर झाला (इंजिनातली ज्वाला उलट मागे आली) तर तेवढी मोठी पोकळी पेटते. पेट्रोलच्या बाष्पीभवनाने जो थंडावा मिळतो, तेवढ्यावरच भागवावे लागते. शिवाय थ्रॉटल टर्बोच्या आधी असल्याने पाय काढताच कॉम्प्रेसरमध्ये निर्वात तयार होतो आणि बेअरिंगचे तेल आत ओढले जाते, म्हणून तिथे कार्बनचे खास सील लागते.

१९६२ मध्ये अमेरिकेत आलेल्या दोन्ही टर्बो गाड्या याच पद्धतीच्या होत्या. शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडरमध्ये कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ८:१ होते आणि वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बोला वगळून सोडणारी झडप, नव्हताच. मफलरच्या अडथळ्यानेच बूस्ट आवरला जाई. ओल्ड्समोबिल जेटफायरने मात्र १०.२५:१ एवढे कॉम्प्रेशन ठेवले आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉलचे मिश्रण इंजिनात सोडले. ती टाकी मालकाने वेळोवेळी भरायची असे. रिकामी झाली की बूस्ट रोखणारी झडप मध्ये पडे आणि गाडी मंदावे. अनेक मालकांनी टाकी भरलीच नाही, आणि पुढे बऱ्याच जेटफायरवरून टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला.