जाळ्याचे मणी साच्यापेक्षा बारीक निघतात: साचा खोटा की शिसं खोटं?

हतनूरकाठी
फेकजाळ्याच्या काठाला ओवायचे शिशाचे मणी घरीच ओततो. साचा ॲल्युमिनियमचा, दोन पाकळ्यांचा, लेथवर करून घेतलेला. आतला व्यास 12 मिमी, लांबी 17, आणि दोरीच्या भोकासाठी मधून 3 मिमीची सळई. हिशेबाने शुद्ध शिशाचा मणी 20.4 ग्रॅमचा व्हायला हवा. होतो 18.4. व्हर्नियर लावला तर व्यास 11.7, लांबी 16.7. कडा गोलसर, अंगावर सुरकुत्या. शिसं म्हणजे टायर बॅलन्सिंगची जुनी वजनं, भंगारातून आणलेली. मणी सुटावा म्हणून साच्याला चिमणीची काजळी धरतो. लेथवाला म्हणतो शिसं भेसळीचं, भंगारवाला म्हणतो साचा खोटा. मंडळी, तुमचं काय मत?

भंगारभाऊ_धुळे
साचा खोटा शे, भो!
आता कारण सांगतो. टायरच्या वजनात थोडं अँटिमनी असतं. त्याने शिसं कडक होतं आणि थंड होताना आकसतं ते उलट कमी. मऊ शुद्ध शिसं जास्त आकसतं. म्हणजे माझ्या मालाचा मणी मोठा निघायला पाहिजे, बारीक नव्हे. तरी जो तो उठतो आणि भंगारवाल्याच्या नावाने बिल फाडतो.

लेथवाला_भुसावळ
भाऊ, आकाराचं बोललात, वजनाचं सोयीने सोडलंत. शिशाची घनता 11.34, अँटिमनीची 6.7 च्या आसपास. तीनचार टक्के मिसळलं की तेवढ्याच आकाराचा मणी दोनतीन टक्क्यांनी हलका होणारच. वीस ग्रॅममागे अर्धा ग्रॅम तिथेच गेला. शिवाय हल्ली बॅलन्सिंगची वजनं जस्ताचीही येतात. ती आत विरघळली तर रस घट्ट खिरीसारखा होतो आणि कोपऱ्यात जातच नाही. कडा गोल येतात त्या त्यानेच.

भंगारभाऊ_धुळे
जस्त वितळायला 419 अंश लागतात, शिशाला 327. आच बेताची ठेवली तर जस्ताची वजनं वर तरंगतात, झाऱ्याने काढून टाकायची. एवढंही ज्याला जमत नाही त्याने शिसं ओतू नये.

जिनिंगवाले_काका (अमळनेर)
दोघेही आपापली दुकानं सांभाळताय. आकडे बघा. शिसं गोठल्यावर ते गार होईपर्यंत 12 मिमीला साधारण 0.1 मिमी आकसतं. साचा स्वतः तापून थोडा फुगलेला असतो, म्हणजे खरा फरक त्याहूनही कमी. इथे कमी पडलेत 0.3. एवढं कुठलंच शिसं आकसत नाही. उरलेले 0.2 साच्याच्या भिंतीवर बसलेत, काजळी होऊन. दोन्ही पाकळ्यांवर 0.1 चा थर असला की झालं.

सुरकुत्या आणि गोल कडा ही थंड साच्याची खूण. आमच्या जुन्या जिनिंगमध्ये बेअरिंगला बॅबिट (बेअरिंगच्या अस्तराचा मऊ मिश्रधातू) ओतायचे तेव्हा मिस्त्री आधी बेअरिंगचं कवच शेकून घ्यायचा, मगच पळी उचलायचा. रस तापला का ते बघायला कोरडी लाकडी काडी बुडवायचा: काळी पडली पाहिजे, पेटता कामा नये. थर्मामीटर कोणी पाहिला होता? साचा पेटीच्या, म्हणजे शिसं वितळवायच्या भांड्याच्या, कडेवर ठेवून तापवा, पहिले चारदोन मणी परत पेटीत टाका. आणि ओतताना तोंडावर शिशाचा चांगला ढीग राहू द्या. गोठताना शिसं आतून आकसतं, ते वरचा ढीग भरून काढतो. तोंड काठोकाठ भरून लगेच पळी उचलली तर मण्याच्या पोटात पोकळी राहते. बाहेरून मणी दिसतो गोंडस, पण काट्यावर हलका.

लेथवाला_भुसावळ
काका, काजळी तर सगळेच धरतात.

जिनिंगवाले_काका (अमळनेर)
धरतात. पुसट धुरकट झाक पुरते. दर वेळी नवी काजळी, जुनी कोणी पुसायची नाही, मग साचा लहान होतो. ब्रशने घासा आणि मग मोजा.

कथील_समर्थक
एकदोन टक्के कथील घाला, रस पातळ होऊन कोपरान् कोपरा भरेल. कल्हईवाल्याकडे मिळतं.

भंगारभाऊ_धुळे
कथिलाचा भाव विचारलाय का कधी? जाळ्याचे मणी आहेत भाऊ, नवरीच्या गळ्यातले नाहीत.

वरणगावचा_पोऱ्या
गोळ्या ओतायच्या तर आमच्या वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीत या की, घरी कशाला 😀

हतनूरकाठी
तिथल्या गोळ्या वेगळ्या. तशा घरी ओतायला गेलो तर 1959 चा शस्त्र कायदा आडवा येईल. हे बिनपरवान्याचे मणी आहेत, फक्त माशांसाठी.

प्रकाशाचा_भोई
मला हा सगळा वादच कळत नाही. जाळं पाण्यात बसतं ते एकूण शिशाच्या वजनावर. मणी दोन ग्रॅमने हलका निघाला तर वर चार मणी जास्त ओवा. आमच्याकडे बाप दगडी साच्यात ओतायचा, व्हर्नियर कोणाला माहीत होता? मासा मणी मोजून अडकत नाही.

हतनूरकाठी
दादा, सगळे सारखेच हलके असते तर मी विचारलंच नसतं. एक 18, दुसरा 19 असे निघतात. एका बाजूला जड मणी आले की फेकताना जाळं गोल उघडत नाही, तिरकं पडतं.

प्रकाशाचा_भोई
मग वजन करून निवडा आणि हलके-जड आलटून पालटून ओवा. त्यासाठी साचा घासायला कशाला हवा?

पारोळ्याची_नर्सताई
साचा घासा, पण काजळीची आणि पेटीवरच्या राखेची धूळ उडू देऊ नका. बेतात तापवलेल्या शिशाच्या वाफेपेक्षा वरची मळी झाडताना उडणारी पूड जास्त घातक. ती हाताला लागते, हात भाकरीला. लहान मुलांना शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही. पेटी ओसरीवर असेल तर आजच हलवा. स्वयंपाकाचं भांडं तर नाहीच वापरायचं.

भंगारभाऊ_धुळे
ताई, आमच्या आवारात वर्षानुवर्षं शिसं वितळतंय, कोणाला काही झालेलं नाही.

पारोळ्याची_नर्सताई
रक्त तपासलंय का कोणी? पोट दुखतं, मूल चिडचिड करतं, अभ्यासात मागे पडतं, यावर "शिसं" असं लिहिलेलं नसतं. आणि हतनूरभाऊ, ओला मणी किंवा ओली पळी वितळलेल्या रसात गेली तर पाण्याची एका क्षणात वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. कालच्या पावसात भिजलेलं भंगार थेट पेटीत टाकू नका, आधी वाळवा.

हतनूरकाठी
काजळी पुसून, साचा तापवून, तोंडावर ढीग ठेवून ओतले. पेटी शेतातल्या उघड्या शेडखाली नेली. व्यास 11.9, वजन 19.3, सुरकुत्या गेल्या. 20.4 मात्र होत नाही.

लेथवाला_भुसावळ
बघा! साचा बरोबर होता. आकसण्याचा साधारण अर्धा ग्रॅम सोडा, उरलेला अर्धा-पाऊण या भंगारभाऊंच्या अँटिमनीचा.

भंगारभाऊ_धुळे
पाव किलो शुद्ध शिसं पाठवतो, ओतून वजन करा, मग बोला. पण मऊ मणी खडकावर आपटून चपटे झाले तर माझ्याकडे यायचं नाही.