रात्रीत नुसतं चांदणंच नसतं

‘रात्र’ किंवा ‘कविता’ हे विषय मुलांना निबंधाला देऊच नयेत, सगळी तेच चांदणं उतरवून काढतात, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. दोष विषयाचा नाही, आपण तो कोरडा फळ्यावर लिहून मोकळे होतो त्याचा. मी नववीला एकदा ‘रात्री दोनला जागं कोण असतं?’ एवढंच विचारलं. आमच्याकडे शेतीपंपाची वीज आलटून पालटून रात्रीची. एका पोराने बापाबरोबर उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, गेल्याचं लिहिलं: बॅटरी तोंडात, खोरं हातात, आणि सरी भरत आली की बदलणारा पाण्याचा आवाज. ‘नीरव शांतता’ एकदाही नाही! (शुद्धलेखनाचं विचारू नका.)

कवितेसाठी जात्यावरच्या ओव्या घ्या. झुंजुमुंजू व्हायच्या आत, दळताना म्हटलेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात अशा १ लाखाहून अधिक ओव्या जमल्या. मी मुलांना घरून एकच आणायला सांगितली. एकीच्या आजीला हात फिरल्याशिवाय शब्दच आठवेनात. शेवटी परातीत हात गोल फिरवत तिने म्हणून दाखवली.