दशावताराच्या व्हिडिओत आवाज मागे पडतो, आणि टीव्हीवर चित्रच येत नाही

पायपेटी_सिंधुदुर्ग

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जत्रेतला दशावतार यंदा पूर्ण रात्रभर शूट केला. एक फोन समोर ट्रायपॉडवर, दुसरा पेटी-मृदंगवाल्यांच्या बाजूला, आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. दोन्ही फोन सेकंदाला ३० फ्रेमवर (म्हणजे ३० चित्रांवर) लावले होते. रेकॉर्डरचा आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

सुरुवातीला गणपती-सरस्वतीपर्यंत सगळं जुळतं. मुख्य आख्यानात राक्षसाच्या प्रवेशाला मंडळींनी ट्यूबलाइट घालवून फक्त लाल हॅलोजन ठेवला होता. तिथून पुढे समोरच्या फोनचं चित्र आवाजाच्या पुढे पळतं. झांज आधी आपटलेली दिसते आणि ठणका अडीच सेकंदांनी ऐकू येतो. बाजूच्या फोनचं मात्र शेवटपर्यंत ठीक आहे. एक्स्पोर्टची सेटिंग बदलून पाहिली, काही फरक नाही. एडिटरच्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा मांडतो त्या पट्टीवर, बारकाईने पाहिलं तर तिथेही हीच गत.

दुसरी अडचण टीव्हीची. तीन तासांची फाइल पेनड्राइव्हवर कॉपीच होत नाही, मध्येच थांबते. म्हणून एच.२६५ मध्ये (व्हिडिओ आवळून लहान करायची एक पद्धत) लहान करून टाकली, तर टीव्हीवर आवाज येतो आणि चित्र काळं.

क्लिप थोडी थोडी कापून जुळवा, असं कृपा करून सांगू नका. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात. त्या रात्री जे बोललं गेलं त्याची हीच एक प्रत आहे. आमच्या पेटीवाल्या आजोबांना हे आख्यान टीव्हीवर सलग बघायचंय.

टाळ_आणि_टाइमलाइन

ताई/दादा, तुम्ही निरीक्षण इतकं नेमकं लिहिलंय की निम्मं उत्तर त्यातच आहे. टाइमलाइनवरही तसंच दिसतं म्हणजे एक्स्पोर्टचा काही दोष नाही. तिथे कितीही सेटिंग बदलल्या तरी उपयोग नाही. गोम मूळ फाइलमध्ये आहे.

फोनमध्ये ३० निवडलं म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम पडतातच असं नाही. उजेड कमी झाला की बरेच फोन आपणहून २४ वर उतरतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड घेता येतो. तुमच्याकडे ट्यूब गेली, हॅलोजन राहिला आणि फोन खाली उतरला. मृदंगवाल्यांवर दिवा असणार, म्हणून तो फोन बिनघोर चालला. आता ज्या एडिटरमध्ये फाइल टाकली तो प्रत्येक फ्रेमसोबत नोंदलेले वेळेचे शिक्के न वाचता सरळ ३० ने फ्रेम मोजत असेल, तर साडेबारा सेकंदांच्या अंधारात पडलेल्या ३०० फ्रेम तो १० सेकंदांत संपवतो. अडीच सेकंद तिथेच गेले. दिवे परत आले की चित्र पुन्हा योग्य गतीने चालतं, पण गेलेलं अंतर भरून निघत नाही.

खात्री करायला मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या, समोरच्या फोनची मूळ फाइल त्यात उघडा आणि ‘फ्रेम रेट मोड’ बघा. ‘व्हेरिएबल’, म्हणजे बदलता, असेल तर खाली किमान आणि कमाल आकडे दिसतील.

तसं निघालं तर उपाय हँडब्रेकमध्ये आहे, तोही मोफत. मूळ फाइल घ्या, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० करा आणि त्याखाली ‘पीक’ न ठेवता ‘कॉन्स्टंट’ (स्थिर) निवडा. हे विसरलं तर सगळा खटाटोप वाया. क्वालिटी आरएफ १६ ते १८ च्या दरम्यान ठेवा. आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. जिथे फ्रेम कमी आहेत तिथे हँडब्रेक आधीचीच फ्रेम पुन्हा घालतो, त्यामुळे वेळ जागच्या जागी राहते आणि एकही शब्द जात नाही. अंधारात हालचाल किंचित अडखळल्यासारखी दिसेल, ते मी आनंदाने सोसेन. दोन्ही फोनच्या फाइल अशा करून मगच नव्याने टाइमलाइनवर घ्या. मूळ फाइलना हात लावू नका, त्या वेगळ्या डिस्कवर ठेवा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. अशा कार्यक्रमात रेकॉर्डरचा आवाज हाच कणा समजा. तो ताणायचा नाही, कापायचा नाही. चित्राने त्याच्यामागे यायचं. चित्र चार फ्रेम चुकलं तर सांभाळून घेता येतं, पण गाण्याची लय मोडली की ते त्या रात्रीचं गाणं राहत नाही.

पेनड्राइव्ह_पंडित

टीव्हीचं मी सांगतो. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. तीन तास सेकंदाला ८ मेगाबिटने काढले तर जवळपास ११ जीबी होतात. ४ जीबीत कोंबायचे म्हटले तर आवाज धरून जेमतेम ३ मेगाबिट मिळतात, आणि त्यात लाल हॅलोजनच्या उजेडातल्या मुकुटावर चौकोन चौकोन दिसतील. तेव्हा कोंबू नका. टीव्ही एनटीएफएस किंवा एक्सफॅट वाचतो का ते आधी एखाद्या लहान फाइलने बघा. वाचत असेल तर ड्राइव्ह तसा फॉरमॅट करा (आतलं सगळं जातं, आधी काढून ठेवा) आणि सलग फाइल टाका. वाचत नसेल तर प्रवेशांप्रमाणे चार भाग करा.

काळ्या चित्राचं कारण एच.२६५. जुन्या टीव्हीला आवाज उलगडता येतो, कारण तो साध्या एएसी प्रकारातला असतो, पण हे चित्र उलगडता येत नाही. एच.२६४, ८ बिट, एमपी४, १०८०पी असं काढा. १० बिट नको, एच.२६४ असलं तरी टीव्ही अडतात.

पायपेटी_सिंधुदुर्ग

अगदी तसंच निघालं! समोरच्या फोनवर ‘व्हेरिएबल’, किमान २४ च्या खाली. बाजूच्या फोनवरही ‘व्हेरिएबल’च लिहिलंय, पण आकडे ३० च्या आसपासच आहेत. हँडब्रेकमधून काढून लावलं आणि राक्षसाची उडी आणि मृदंगाची थाप एकत्र आली. खूप खूप आभार. आजोबांचा टीव्ही एनटीएफएस वाचतो.

आता एक बारीक शंका. पहाटे दहिकाल्याच्या वेळेपर्यंत चित्र आणि रेकॉर्डर यांच्यात अगदी थोडा फरक पडतो, सहासात फ्रेम. तो एकदम पडत नाही, हळूहळू वाढतो. शिवाय रेकॉर्डरने दर दोन तासांनी नवी फाइल केली आहे. त्या सांध्यावर काही हरवत असेल का?

टाळ_आणि_टाइमलाइन

सांध्याची चिंता नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी. बरेच रेकॉर्डर २ जीबी झाले की फाइल बंद करून पुढची उघडतात, म्हणून दोन तास. तुकडे एकमेकांना चिकटवून लावा आणि सांध्यावर पेटीचा लांब सूर चालू असेल तर कान देऊन ऐका. सूर अखंड असेल तर काही गेलेलं नाही.

सहासात फ्रेमचं कारण वेगळं आहे. फोनचं घड्याळ वेगळं, रेकॉर्डरचं वेगळं. दोन्हींतले वेळ मोजणारे क्रिस्टल तंतोतंत सारख्या गतीने चालत नाहीत, त्यामुळे तासाला एकदोन फ्रेमचा फरक पडणं नेहमीचंच. पहाटेपर्यंत तो इतका होणारच. व्हिडिओची गती बदलायच्या भानगडीत पडू नका. तुमच्याकडे दोन कॅमेरे आहेत. जिथे जिथे समोरून बाजूला कट घेता तिथे पुढची क्लिप फ्रेम-दोन फ्रेम सरकवून फोनच्या आवाजातली झांज रेकॉर्डरच्या झांजेवर बसवा. दोन्ही वेव्हफॉर्ममध्ये झांजेचं टोक सुईसारखं उभं दिसतं, झूम करा म्हणजे सापडेल. जुळलं की फोनचा आवाज म्यूट. अर्ध्या तासाला एकदा केलंत तरी पुरे.

पुढच्या जत्रेला फोनमध्ये ‘ऑटो एफपीएस’सारखं काही असेल तर ते बंद ठेवा, शटर १/५० करता आलं तर करा (आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटचे पट्टे हलत नाहीत), आणि दर प्रवेशाच्या सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एक टाळी वाजवायला कुणाला तरी सांगून ठेवा.