चांदीचा डोंगर हाती असताना स्पेनचे दिवाळे का निघाले?

कास्तकार (तालुका दर्यापूर):

आमच्या गावच्या ग्रंथालयात दर शनिवारी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुले आणि आम्ही दोन-चार वयस्क मंडळी मिळून इतिहासातील एखादा विषय वाचतो. मागच्या शनिवारी सोळाव्या-सतराव्या शतकातील युरोपची पाळी होती आणि वाचन एका ठिकाणी अडले. आजच्या बोलिव्हियात असलेला पोतोसीचा चांदीचा डोंगर 1545 मध्ये स्पेनच्या हाती लागला आणि पुढे वर्षानुवर्षे चांदीने भरलेली गलबते सेव्हिलला येत राहिली. असे असूनही दुसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत 1557, 1575 आणि 1596 या वर्षी राजाने सावकारांची देणी थांबवली. उलट हॉलंड आणि त्याच्या शेजारचे प्रांत, ज्यांच्याकडे ना खाण ना मोठा मुलूख, 1568 पासून 1648 पर्यंत, मधला 12 वर्षांचा तह सोडला तर, याच राजघराण्याशी लढले आणि स्वतंत्र झाले. एका मुलीने मला सरळ विचारले, "काका, ज्याच्या घरी चांदी, त्याच्याच घरी जप्ती कशी?" धर्मभेद आणि राजाचा हट्ट ही कारणे पुस्तकात आहेत, ती मी सांगितली, पण तिचे समाधान झाले नाही आणि खरे म्हणजे माझेही झाले नाही. पैशाचा हिशेब कोणी उलगडून सांगेल काय?

निवृत्त शिक्षक, मूर्तिजापूर:

मुलीच्या प्रश्नात एक गृहीत आहे, ते आधी दुरुस्त करू. ती चांदी मुळात राजाच्या घरची नव्हती. खाणीतून निघणाऱ्या चांदीचा पाचवा हिस्सा राजाचा, आणि बाकीची बहुतेक व्यापाऱ्यांची व खाणमालकांची. भरभराटीच्या वर्षांतही अमेरिकेतून येणारी रक्कम राजाच्या उत्पन्नाच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या आसपास राही. बाकीचे उत्पन्न मुख्यतः कॅस्टील या स्पेनच्या मुख्य राज्यातील शेतकऱ्यांकडून आणि गावोगावच्या विक्रीकरातून येत असे. 1588 मध्ये इंग्लंडवर पाठवलेले आरमार फसल्यावर 1590 मध्ये मद्य, तेल, मांस यांवर नवा कर बसला, तोही याच कॅस्टीलवर. त्यात चांदी वाढली तशी महागाई वाढली, म्हणजे तेवढ्याच शिपायांना पोसायला राजाला अधिक नाणे मोजावे लागले.

दुसरी गोष्ट वेळेची. चांदी यायची वर्षातून एकदा, तीही वादळ आणि चाचे यांतून वाचली तर. 1628 मध्ये तर पीट हाइन या डच दर्यावर्दीने क्यूबाजवळ मातान्सासच्या उपसागरात चांदीचा अख्खा ताफाच पकडला. फ्लँडर्समधील, म्हणजे आजच्या बेल्जियमकडील आपल्याच मुलखात बंडखोरांशी लढणाऱ्या फौजेला मात्र पगार दर महिन्याला हवा. ही मधली फट इटलीतील जेनोवाचे सावकार भरून काढत. ते अँटवर्पला रोख रक्कम पोहोचवायचे आणि त्याबदल्यात पुढच्या ताफ्यातील चांदी लिहून घ्यायचे. आपल्याकडे उभ्या कपाशीवर उचल घेतलेल्या कास्तकाराची गाडी बाजार समितीत उभी राहते तेव्हा कापूस त्याचा असतो, पण चुकारा कोणाचा हे आधीच ठरलेले असते. सेव्हिलच्या धक्क्यावर नेमके हेच घडत होते.

1575 मध्ये राजाने देणी थांबवली आणि सावकारांनी पैसा पोहोचवणे बंद केले. पगार थकलेल्या शिपायांनी 4 नोव्हेंबर 1576 रोजी अँटवर्प हे स्वतःच्याच राजाचे सर्वांत श्रीमंत शहर लुटले आणि हजारो माणसे मारली. त्यानंतर अवघ्या चार दिवसांत, 8 नोव्हेंबरला, एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या प्रांतांनी गेंट येथे स्पॅनिश फौजेविरुद्ध करार केला. जे बंडखोरांना आठ वर्षांत साधले नव्हते, ते थकलेल्या पगाराने आठवडाभरात साधले. ही एकटी घटना नव्हती. 1572 ते 1607 या काळात त्या फौजेत चाळीसहून अधिक बंडे झाली, आणि ती आंधळी दंगल नसे. शिपाई आपल्यातून एक पुढारी निवडत, त्याला 'एलेक्तो' म्हणत, आणि तो सरदारांशी थकबाकीची पै-पैची बोलणी करी. मला तर हे वाचताना संपावर गेलेल्या कामगारांची आठवण येते.

आता डचांकडे पाहावे. त्यांनी बिअर, मीठ, दळण अशा रोजच्या वस्तूंवर जबर कर बसवले; युरोपात त्यांच्याइतका कर क्वचितच कोणी भरत असेल. पण कर्जरोखे घेणारे व्यापारी आणि कर ठरवणारे नगरसभासद ही बहुधा एकच माणसे किंवा एकाच गोतावळ्यातली. स्वतःचेच व्याज कोण बुडवणार? व्याज वेळेवर मिळत गेले म्हणून दर उतरत गेला: हॉलंडने 1640 मध्ये तो 5 टक्क्यांवर आणि 1655 मध्ये 4 टक्क्यांवर आणला. अशाच पैशातून डचांचा सेनापती नासाउचा मोरित्स आपल्या शिपायांना नियमित पगार देऊ शकला, आणि पगार मिळतो म्हणूनच त्याचे शिपाई रोजची कवायत आणि खंदक खणण्याचे काम मुकाट्याने करीत.

पूर्णाकाठची:

गुरुजींचे विवेचन पटते, तरी सगळे श्रेय व्याजदराला देणे मला मान्य नाही. डचांना पाण्याने वाचवले. 1574 मध्ये लायडनला वेढा पडला तेव्हा त्यांनी आपलेच बांध फोडून आपलीच शेते बुडवली आणि सपाट बुडाच्या नावा थेट शहरापर्यंत नेऊन 3 ऑक्टोबरला वेढा उठवला. पिकलेली जमीन स्वतःच्या हाताने बुडवण्याचा निर्णय शेतकरी घरातल्या माणसाला जसा कळेल तसा तो पुस्तकातून कळत नाही.

शिवाय स्पेन एकाच वेळी किती आघाड्यांवर गुंतले होते, हेही मुलांना सांगावे. भूमध्य समुद्रात तुर्क होते, आणि 1571 मध्ये लेपांतोला त्यांच्याशी मोठी लढाई झाली होती. इंग्लंड होते, फ्रान्स होता. 1590 मध्ये पार्माचा ड्यूक हा फिलिपचा सर्वांत कुशल सेनापती फ्लँडर्स सोडून पॅरिसचा वेढा उठवायला पाठवला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये मोरित्सच्या सुमारे 70 शिपायांनी जळाऊ पीटने भरलेल्या नावेच्या तळाशी लपून ब्रेडाच्या किल्ल्यात प्रवेश मिळवला होता. पार्मा निघून गेल्यावर मोरित्सला पुढची गावे परत घेणे सोपे गेले.

आणि स्वस्त कर्ज हाच विजयाचा मंत्र असता, तर 1672 मध्ये डचांची दैना झाली नसती. चौदाव्या लुईचा फ्रान्स जमिनीवरून आणि इंग्लंड समुद्रावरून एकदम चालून आले. हेगमध्ये संतप्त जमावाने डचांचा प्रमुख कारभारी योहान द विट आणि त्याच्या भावाला ठार केले. प्रजासत्ताक वाचले ते पुन्हा शेते बुडवूनच. लुईशी पुढची चाळीस वर्षे लढताना कर्ज इतके चढले की 1713 च्या उट्रेख्टच्या तहानंतर, 1715 मध्ये, त्यांच्या मध्यवर्ती तिजोरीला नऊ महिने देणी थांबवावी लागली. डचांची रीत इंग्लंडने उचलली. 1689 मध्ये डच विल्यमच तिथला राजा झाला आणि 1694 मध्ये बँक ऑफ इंग्लंडने सरकारला 12 लाख पौंड 8 टक्क्यांनी दिले, संसदेने बसवलेल्या करांच्या हमीवर. इंग्लंडला इंग्लिश खाडीचे संरक्षण होते, जमिनीवरची सीमा राखायची नव्हती. म्हणजे पत हवी आणि जागाही हवी.

गढीवरून:

या चर्चेत राजे, सावकार आणि सेनापती आले. ज्यांच्या गावांतून फौजा गेल्या त्यांचे काय? 1618 ते 1648 या जर्मन मुलखातील तीस वर्षांच्या युद्धात वॉलेनस्टाइन या सेनापतीने पवित्र रोमन सम्राटासाठी फौज उभी केली ती बव्हंशी उधारीवर, आणि खर्च वसूल केला तो ज्या मुलखात तळ पडेल तिथल्या गावांकडून. सम्राटाचा सेनापतीच त्याचा धनको झाला. 1634 मध्ये सम्राटाच्या संमतीने त्याचा खून झाला. 1631 मध्ये माग्डेबुर्ग हे जर्मन शहर पडले तेव्हा सुमारे 20 हजार माणसे मेली. पण मला अधिक लक्षात राहिला तो उल्म शहराजवळच्या खेड्यातला हान्स हेबर्ले नावाचा चांभार. त्याने आपल्या वहीत लिहून ठेवले आहे की फौज आली की तो बायकामुलांसह उल्मच्या तटाआड पळे. असे सुमारे तीस वेळा झाले. शत्रूची फौज आणि आपली फौज यांत त्याला फारसा फरक दिसत नव्हता.

वऱ्हाडात आपल्या आज्या-पणज्यांना हे नवे नव्हते. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दोअमलीत एकाच शिवाराला दोन्हीकडचे वसूलदार येत आणि पेंढाऱ्यांची धाड आली की गाव गढीत शिरे. आमच्या गावात त्या गढीचा एक बुरूज अजून उभा आहे. त्यावर आता शेळ्या चरतात.

निवृत्त शिक्षक, मूर्तिजापूर:

पूर्णाकाठच्या ताईंचा आक्षेप रास्त आहे. 1715 ची गोष्ट मी सांगायला हवी होती. थकलेला पगार हा काही फक्त स्पेनचा रोग नव्हता. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारदी शिरले ते थकबाकीचे गाऱ्हाणे घेऊनच, मागे कट असला तरी. आणि 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावला व 15 डिसेंबरला गाविलगडावर भोसल्यांचा पराभव करणाऱ्या कंपनीच्या फौजेमागेही कर्जाचा पैसा होता, त्यात देशी सावकारांचाही.

कास्तकार (तालुका दर्यापूर):

सर्वांचे आभार. हे सगळे काल ग्रंथालयात वाचून दाखवले. नावेची गोष्ट मुलांना आवडली, पण त्या मुलीचा नवा प्रश्न तयारच होता: राजाने तीन-तीनदा देणी थांबवली, तर सावकार पुन्हा कर्ज का देत राहिले?

निवृत्त शिक्षक, मूर्तिजापूर:

कारण ती देणी सहसा पूर्ण बुडवली जात नसत. जास्त व्याजाचे अल्प मुदतीचे कर्ज कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत बदलले जाई, म्हणजे आपल्या पीककर्जाचे पुनर्गठन होते तसे. जुनी रक्कम राजाकडे अडकलेली असल्यामुळे सावकाराला तडजोड करून नवी रक्कम देणे भाग पडे, नाहीतर जुनीही हातची जाई. जेनोवाकरांनी हे बरेच वर्षे सोसले. 1627 मध्ये पुन्हा तसेच झाले, तेव्हा त्यांच्यातील अनेकांनी हात आखडता घेतला आणि राजाच्या दारी लिस्बनचे पोर्तुगीज सावकार येऊन बसले.